टेकडीवर उतू गेलेलं दूध

मागच्या उन्हाळ्यात मला हार्ट अटॅक आला आणि त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. तीस वर्षं देव्हाऱ्यातला दिवा कधी चुकवला नाही, त्याचं हे फळ, असं माझं म्हणणं होतं. डॉक्टर सांगत होते, हृदय आता ठीक आहे, रोज चालत जा. पण इथे आखातात, रुवैसच्या आमच्या फ्लॅटमधून लिफ्टपर्यंत गेलं तरी माझा हात छातीवर जायचा. या परक्या वाळवंटात मरण नको म्हणून मी पुण्याला कायमचं जायचं ठरवलं. ह्यांच्या रिटायरमेंटला अजून चार वर्षं. ह्यांनी अडवलं नाही. ते न अडवणं मला फार लागलं.

अशात रथसप्तमी आली. एरवी दूध उतू गेलं की आपण गॅसकडे धावतो, पण या दिवशी सूर्यासमोर ते मुद्दाम उतू घालवायचं. दरवर्षी मी बाल्कनीत करायचे. यंदा नाही म्हटलं. पण शारजाहून आमची सई आली होती. "आई, टेकडीवर जाऊ. वन लास्ट टाइम," असा तिने हट्टच धरला. गावाबाहेर समुद्राकाठी एक टेकडी आहे. तिथे पोचायला सबखा ओलांडावा लागतो, म्हणजे मिठाचा माळ. वरून पांढरा, कोरडा, आणि पाऊस झाला की आत नुसता चिखल. सुट्टीच्या दिवशी क्वाड बाइकवाले तिथून गाड्या पळवतात, त्यांच्या चाकांची वाट पडली आहे. लिफ्टपर्यंत न जाणारी मी, कुरकुरत का होईना, निघाले. मनात मात्र पैज लावली होती. दूध उतू गेलं तर राहीन, नाही तर तिकीट काढायचं.

फटफटत होतं, हवेत चांगला गारठा होता आणि माळावर धुकं. पुढे हे आणि सई वाटेवरून चालले होते. मला ती चाकांनी उकरलेली वाट घाणेरडी वाटली, बाजूचं मीठ कसं स्वच्छ, कोणी पाय न ठेवलेलं. सणाच्या कामाला निघालोय, चिखलातून कशाला जायचं, म्हणून मी बाजूने चालायला लागले. आमचं सोवळं हे असं. दहा पावलांवर उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढला तर दुसराही रुतला. छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. झालं, इथेच संपलं, असं मला अगदी खरं वाटलं. हे धावत आले तर त्यांचाही पाय खचला. सई रडायला लागली.

धुक्यातून एक म्हातारा पठाण आला, उंट राखणारा. हातात झाकणाची बरणी. लांबूनच म्हणाला, "ज़ोर मत लगाओ, बहन. जितना ज़ोर, उतना अंदर. बैठ जाओ आराम से." त्या ओल्या मिठात बसायचं? पण दुसरं काही सुचतच नव्हतं. बसले. मागे रेलले. श्वास हळूहळू जागेवर आला आणि पाय सैल पडून आपोआप सुटले, एक बूट मात्र आतच राहिला. मग त्याने मला आणि ह्यांना चाकांच्या वाटेवर आणलं. तिथलं मीठ दबून घट्ट झालं होतं. त्याला टेकडीपलीकडे जायचं होतं, म्हणून तो आमच्याबरोबरच चढला. एका पायात बूट, एका पायात सईचे दोन मोजे, अशी मी वर पोचले.

वर सईने छोटी शेगडी पेटवली, ह्यांनी बाटली उघडून पातेल्यात ओतली, आणि बघतो तर ताक! आदल्या दिवशी घाईत ह्यांनी दुधाऐवजी लबन, म्हणजे इथलं ताक, उचललं होतं. वीस वर्षं या देशात राहून. ह्यांचा चेहरा असा पडला की मला हसूच फुटलं. कित्येक महिन्यांनी हसत होते. पठाणाला सगळा प्रकार समजावला, तशी त्याने बरणी पुढे केली. "ऊँटनी का है. अभी निकाला."

उंटिणीचं चालतं का? विचारायचं तरी कोणाला. सई म्हणाली, "आई, द सन वोन्ट माइंड."

सूर्य वर आला तेव्हा धुकं विरळ झालं होतं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे रिफायनरीच्या चिमण्या, आणि मधल्या पांढऱ्या माळावर ती एकच काळपट वाट. दूध फसफसत वर आलं, उतू गेलं, शेगडी विझली. आम्ही चौघांनी हात जोडले. शेगडी पुन्हा पेटवून उरलेल्या दुधाचा चहा करून प्यायलो आणि पठाण त्याच्या वाटेने निघून गेला. नंतर दोनदा आम्ही तिथे गेलो, तो दिसला नाही. उंट घेऊन पुढे गेला असेल.

त्या दिवशी उतरताना मला पैज आठवली. दूध उतू जाताना ती डोक्यातही नव्हती. आणि चढताना एकदाही हात छातीवर गेला नव्हता.

घरी आल्यावर ह्यांनी भीत भीत विचारलं, "तिकिटाचं काय करायचं?"

"ते राहू दे. आधी दुधाची बाटली ओळखायला शिका," मी म्हटलं. हे बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

संध्याकाळी दिवा लावला. अबोल्यात आधी कोणी बोलायचं यावरच सगळं अडतं. देवाने सकाळीच बोलून टाकलं होतं, मग मी तरी किती ताणायचं.