दोन ठोके म्हणजे थांब

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. माझ्या गाडीला लिंबू-मिरची नाही, टूलबॅगेत अंगारा नाही. अमावस्येला शिडीवर चढू नको म्हणणाऱ्यांची मी भरपूर चेष्टा केलेली आहे. माझं काम हीट पंपाच्या सर्व्हिसिंगचं. मशीन बंद पडली की डिस्प्लेवर एरर कोड येतो. कोड बघायचा, पुस्तक उघडायचं, कारण सापडतं. कारण नसलेला बिघाड मी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात कोडच शोधायचो...

हे लिहायला मला वर्ष लागलं. भीतीमुळे नाही, लाजेमुळे. का, ते पुढे कळेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — हीट पंप म्हणजे गच्चीवर बसवलेली कपाटाएवढी एक पेटी. कॉम्प्रेसर, कॉइल, पंखा, पाण्याचा पंप, सगळं त्या एकाच पेटीत. ती हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडते. पाणी गरम होतं आणि पंख्यातून गार हवा बाहेर पडते. हॉस्टेल, लॉज, दवाखाना, जिथे शंभर माणसांना सकाळी गरम पाणी लागतं तिथे ही असते. आमच्या बीडकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की वर्षातून दोनदा आत ॲसिड फिरवलं नाही तर मशीन दगड होते. त्यामुळे आम्हाला काम कमी नाही.

हे काम मला अंबादासकाकांनी शिकवलं. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. बीडजवळच्या पाली गावचे, धनगराच्या घरचे. बाप-आज्यानं जन्मभर मेंढरं वळली, उस्ताद मात्र वायरमन झाले आणि मग या मशिनीत शिरले. त्यांच्या कामाची एक पद्धत होती. मशीन गच्चीवर आणि तिचे फ्यूज तळमजल्यावरच्या पॅनेलमध्ये, मध्ये तीन-तीन जिने. घाटावरच्या वाऱ्यात वरून मारलेली हाक खाली पोचत नाही, आणि ग्रीसच्या हातांनी फोन कोण काढणार? तर गच्चीवरून खाली येणारा गरम पाण्याचा लोखंडी पाईप पॅनेलच्या शेजारूनच जायचा. उस्ताद वर पाना घेऊन त्या पाईपवर ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे थांब, माझा हात आत आहे. तीन ठोके म्हणजे हात काढला, फ्यूज टाक.

"ही आमची मेंढरांची बोली हाय," ते सांगायचे. "माजा बाप या टेकाडावरून काठी दगडावर आपटायचा, मी त्या टेकाडावर. दोन वाजले की कळप थांबवायचा, तीन वाजले की सोडायचा. वाऱ्यात माणसाचा आवाज फसवतो, सुदाम. ठोका न्हाई फसवत."

आता सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मांजरसुंब्याच्या चौकाजवळ, हायवेला लागून एक लॉज आहे, खाली लग्नाचा हॉल. नाव लिहीत नाही. लग्नसराई होती, आदल्या रात्रीच वऱ्हाड उतरलेलं आणि सकाळी मशीन बंद. साडेआठला आम्ही पोचलो. उस्ताद वर गेले, मी खाली पॅनेलपाशी तिन्ही फ्यूज काढून हातात घेऊन उभा. चिनी मातीचे पांढरे जुने फ्यूज असतात ना, ते. काम छोटं होतं. वर पेटीतला एक स्विच जळाला होता, तो बदलून स्क्रू आवळायचे.

जिन्यात टॉवेल खांद्यावर टाकलेल्या पाहुण्यांची रांग. नवरदेवाच्या मामानं मॅनेजरला चार लोकांत झापलं होतं आणि मॅनेजर ते माझ्यावर उतरवत होता.

"किती टाइम बे? नवरदेव गार पान्यानं न्हाणार का?"

"झालंच."

पाईपवर दोन ठोके आले. मी थांबलो. पाच मिनिटांनी परत दोन.

"कावून थांबला आता? वाजलं की तुजं," मॅनेजर म्हणाला.

"ते थांब म्हणत्यात."

"म्हातारं एक स्क्रू तीनदा आवळतंय. तुला तरी अक्कल हाय का न्हाई? टाक की."

त्यानं फ्यूजला हात लावला नाही. हे मला स्पष्ट लिहायचंय. मी टाकले. माझ्याही मनात तेच होतं की उस्ताद उगाच वेळ काढतात, एव्हाना झालंच असणार. आणि खरं म्हणजे एवढ्या पाहुण्यांसमोर बावळटासारखं उभं राहायचा मला कंटाळा आला होता. दोन ठोके ऐकून, मोजून, मी एक, दोन, तीन असे फ्यूज टाकले.

त्यानंतर पाईप वाजला नाही. दहा मिनिटांनी मी दोन चहा घेऊन वर गेलो. उस्ताद मशिनीला टेकून बसल्यासारखे होते, पाना मांडीवर. पंखा फिरत होता आणि त्याची गार हवा त्यांच्या सदऱ्यात शिरून सदरा फडफडत होता. मी हात लावला तेव्हा अंग गार लागलं. ते पंख्यानं का दुसऱ्या कशानं, हे मला तेवढ्यात कळलं नाही. दोन्ही हातांतले चहा मी कुठे ठेवले ते आजही आठवत नाही.

पोलिसांनी विचारलं, ठोके किती आले? मी म्हणालो, तीन.

एवढंच. एक आकडा. मॅनेजरनं मान हलवली. मग सगळ्यांनीच हलवली. उस्तादांनी इशारा दिला आणि नंतर काहीतरी राहिलं म्हणून परत हात घातला असणार, असं ठरलं. दहाव्याला त्यांचा मुलगा गोरख माझ्यासमोरच पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या अप्पाला सवताचीच घाई नडली. दुसऱ्याला शिकवायचे अन् सवता इसरले." त्यानं घरात बापाचा फोटोसुद्धा लावला नाही. उस्तादांच्या बायकोनं, काकूंनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "सुदाम, तीनच वाजले व्हते ना रे?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हणालो. पुढे मी नवीन लोकांना काम शिकवताना उस्तादांचंच उदाहरण द्यायचो — बघा, एवढा मोठा माणूस, एका चुकीनं गेला. इतका मी निर्लज्ज झालो होतो.

त्या लॉजवर मात्र मी सहा वर्षं पाय ठेवला नाही. दुसऱ्याला पाठवायचो. मागच्या थंडीत तो दुसरा आजारी पडला आणि मला जावं लागलं.

दिवस होता, सकाळचे अकरा. ऊन चांगलं होतं. मी एकटाच. पॅनेलच्या खोलीतले तिन्ही फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकले, खोलीला कुलूप लावलं, किल्लीही खिशात. त्या दिवसापासून मी असंच करतो. वर जाऊन मीटर लावून बघितलं. सप्लाय शून्य. मग पेटी उघडली, कॉइल धुतली, आणि आतल्या स्विचचे स्क्रू आवळायला हात घातला. तोच स्विच.

टंग... टंग.

मी मान वर केली. खाली कुणीतरी काम करत असेल म्हणून दुर्लक्ष केलं.

परत. टंग... टंग. खालून वर येत होता आवाज, पाईपमधून. उस्ताद वर आणि मी खाली असं कायम असायचं, आणि आता वर मी होतो... माझा हात आपोआप बाहेर आला. विचार करून नाही काढला. उस्तादांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांची ती सवय होती. दोन वाजले की थांबायचं.

हात बाहेर आला आणि आतला स्विच खाटकन बसला. पंखा सुरू झाला. गार हवा सरळ तोंडावर आली. मी खिसा चाचपला. तिन्ही फ्यूज खिशात होते.

 पेटी उघडीच ठेवून जिने उतरलो. खोलीला कुलूप तसंच. मॅनेजर तोच, काउंटरवर पोहे खात होता.

"लाइट गेलती, जनरेटर चालू झाला," तो म्हणाला. "आता हीट पंप बी जनरेटरवर डायरेक्ट घेतलाय. पाव्हणे लई बोंबलत्यात."

म्हणजे त्यांच्या इलेक्ट्रिशियननं माझ्या फ्यूजला बगल देऊन जनरेटरची वेगळी लाइन वर नेली होती आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. लाइट होती तोवर मीटर शून्यच दाखवणार. लाइट गेली, जनरेटर लागला, मशीन जिवंत झाली. याला कारण आहे. याचा कोड सापडला.

"खाली पाईपवर कोण ठोकत होतं?" मी विचारलं.

"कुठला पाईप?"

मी त्याला घेऊन गेलो. आणि तिथे पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर मी तो पाईप बघितला होता, पण लक्षात घेतला नव्हता. पाईप प्लॅस्टिकचा होता. गच्चीपासून खालपर्यंत पांढरा प्लॅस्टिक पाईप, त्यावर काळा फोम गुंडाळलेला.

"लोखंडी क्षारानं चोंदलता. दोन वर्सं झाली, भंगारात घातला," मॅनेजर म्हणाला.

मी पाना घेऊन त्या पाईपवर मारला. थप. परत मारला. थप. वरच्या मजल्यांवर जाऊन मारला, फोम काढून मारला. सगळी इमारत फिरलो, कुठे लोखंडी पाईप राहिलाय का बघत. नव्हता. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही काहीतरी समजलं असावं, कारण तो मागे फिरला आणि काउंटरवर जाऊन बसला.

ज्या माणसाच्या दोन ठोक्यांना मी जुमानलं नाही, त्याचेच ठोके... मला पुढे विचार करवेना. गाडी काढली आणि सरळ पालीला गेलो.

काकू अंगणात हुलगे निवडत बसल्या होत्या. गोरख बाजेवर होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"काकू, त्या दिवशी तीन न्हवते. दोन व्हते. मी खोटं बोललो."

त्यांचे हात थांबले. गोरख उठून बसला.

"दोनच?" काकू म्हणाल्या.

"दोन. दोनदा दिले. मी ऐकून फ्यूज टाकले."

गोरख माझ्या अंगावर येणार असं वाटलं. यायलाही हवं होतं. तो आला नाही. त्यानं आईकडे बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं. सहा वर्षं ज्या बापाला त्यानं नावं ठेवली, तो बाप त्याच्यासमोर उभा राहिला असणार.

 काकूंनी सूप बाजूला ठेवलं.

"मोरीत तांब्याचा बंब हाय, त्येंनी आनलेला. सगळ्या दुनियेला मशिनीनं पानी तापवून दिलं, घरी बंबच ऱ्हायला. त्ये गेल्यापसून मी बंब पेटवाया बसले की त्याच्यावर दोन ठोके वाजतेत. रोज. मी काडी इझवते. धनगराची सून हाय मी, दोन म्हंजे थांब हे मला म्हाईत हाय. कशासाठी थांब, ते कळत न्हवतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तवापसून गार पान्यानं आंगूळ करते मी."

गोरख म्हणाला, "आई, तू तर म्हनायची गारच बरं वाटतं."

"तुला काय सांगू? तू बापाचं नाव घेऊ देत न्हवता."

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"जा आता," म्हणाल्या. "परत येऊ नगंस."

गोरखनं मला फाट्यापर्यंत सोडलं नाही, पण घरातून वहीचा कागद आणून पुढे धरला. "लिहून दे. सगळं. सही कर." मी लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात जाऊन तो कागद देऊन आलो. त्याचं पुढे जे व्हायचं ते होवो, मी तयार आहे.

ठाण्यात जायच्या आधी, त्याच सकाळी सातला गोरखचा फोन आला होता. 

"सुदामभाऊ... तीन म्हंजे चालू कर, बरोबर ना?"

"तीन म्हणजे हात काढला. चालू कर."

"आई बंबापाशी बसली हाय. काडी हातात धरून. आत्ता तीन वाजले. मी बी ऐकले." मग त्यानं विचारलं, "पेटवू दे का तिला?"

"पेटवू दे," मी म्हणालो.

मी खूप डोकं लावलंय. माझ्या मनावरचं ओझं म्हणा, भास म्हणा, मी मान्य करतो. हायवेवरचा एखादा आवाज असेल, तेही मान्य करतो. तांबं तापताना वाजतं, पण न पेटवलेला बंब कसा वाजतो? आणि प्लॅस्टिकचा पाईप लोखंडासारखा कसा वाजतो? कुणाला माहीत असेल तर सांगा. मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

नवीन माणसांना मी अजूनही उस्तादांची गोष्ट सांगतो, फक्त आता खरी सांगतो. गोरखनं फोटो लावलाय. बंब रोज पेटतो, असं त्याच्याकडून कळतं. काकू माझ्याशी बोलत नाहीत.