आवाज गेला त्या महिन्यांत

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज गेला. पुढे तो अर्धामुर्धा परतला, पण ही गोष्ट मधल्या महिन्यांची आहे.

नांदेडच्या आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची प्रार्थना कितीतरी वर्षं मीच चालवायचे. कुणाचं बाळंतपण असो, कुणाची परीक्षा, मला उभं केलं की शब्द भराभर यायचे. आता घशातून नुसती हवा निघत होती. पहिल्याच रविवारी मी मागच्या बाकावर बसले, आणि दुसरीनं प्रार्थना सुरू करताच उठून घरी आले.

मुदखेडला माझी मावससासू राहते, निवृत्त नर्स. तिच्याकडे जाऊन वहीत लिहून दाखवलं, ‘मला आता प्रार्थना करता येत नाही.’

चष्मा लावून तिनं ते वाचलं. म्हणाली, "बोलता येत न्हाई, एवढंच. बस इथं. डोळे मीट. श्वास घेताना मनात ‘येशू’ म्हण. दुसरं काई मागू नको. मन पळालं तर रागावू नको, परत आण. रोज वीस मिनिटं."

नवरा डबा घेऊन कामावर गेला की मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसू लागले. कित्येक दिवस मला फ्रीजची घरघर ऐकू यायची आणि तूरडाळ संपल्याचं आठवायचं. पायाला मुंग्या यायच्या. दोनदा चक्क डोळा लागला. तरी वीस मिनिटं झाल्याशिवाय उठायचं नाही, एवढं मी धरून ठेवलं. आज काही जाणवलं का, हे स्वतःला विचारणंही मी बंद केलं.

दोनेक महिन्यांनी एके दिवशी भाकरी थापताना लक्षात आलं, की तो शब्द आपला आत चालूच आहे. भाकरीची कड चिरली होती. मी पाण्याचा हात लावून ती सांधली. समोर तवा तापला होता. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला वेदीपाशी उभी राहते, तशी मी त्या ओट्यापाशी उभी होते. घाई कशाचीच वाटत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या बाईंची कॉलेजात शिकणारी मुलगी काविळीनं गेली. घर बौद्ध, आमचं जाणं-येणं जुनं. एरवी मी तिथं बसून देवाच्या इच्छेबद्दल बरंच बोलले असते. आता रोज दुपारी जायचे, भांडी घासायचे आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायचे. त्यांचा श्वास आणि माझा श्वास, तेवढंच ऐकत राहायचे. उठून जावंसं वाटायचं, पण बसायची सवय झाली होती.

आठव्या का नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "समदे मला समजावून राहिले, ताई. तुम्हीच काई बोलल्या न्हाईत."

मी घशाकडे बोट दाखवलं.

"हाव, माहीत हाय. तरी रोज येऊन राहिल्या."

मग त्या आपल्या मुलीबद्दल बोलू लागल्या. तिला कैरीला तिखट लावून खायला लई आवडायचं, स्कूटीसाठी दोन दिवस ती जेवली नव्हती, हसताना तोंडावर ओढणी धरायची. तासभर त्या बोलल्या आणि मी ऐकलं. नंतर पदरानं तोंड पुसून त्या उठल्या, आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या हातानं गॅस पेटवून त्यांनी आम्हा दोघींसाठी चहा ठेवला.