चौथ्या बाटलीचा फुगा

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या नणंदेनं साडीवर सांडून घेतला होता. माझ्या हातून असा काही घोळ झालाय, की तो करताना मला वाटत होतं, मी किती शहाणी!

आमची अश्विनी दहावीला. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिचा प्रयोग तालुक्याला जाणार की नाही, ते तिथंच ठरणार होतं. पोरगी त्यापायी जेवणखाण विसरली होती. प्रयोग काय, तर आम्ल जितकं कडक तितकी रासायनिक क्रिया जोरात होते का, ते बघायचं. तिनं माझ्या कट्ट्यावर चार बाटल्या मांडल्या. पहिलीत नुसतं व्हिनेगर, दुसरीत थोडं पाणी घातलेलं, तिसरीत आणखी, चौथीत तर पाणीच जास्त. प्रत्येकीत संगमरवराचे सारखे खडे टाकले आणि तोंडाला एकेक फुगा चढवला. आत वायू तयार होतो म्हणे, त्यानं फुगा फुगतो.

ट्यूशनला जाताना मला बजावलं, "आई, लक्ष ठेव हं. बाटल्या सारख्या, खडे सारखे, फुगे सारखे. सगळं सारखं पायजे बघ. जरा कमीजास्त झालं तर प्रयोग वाया!"

"व्हय गं बाई, जा तू निवांत."

तासाभरानं बघते तर काय! पहिला फुगा मोसंबीएवढा, दुसरा लिंबाएवढा, तिसरा बोराएवढा, आणि चौथा बिचारा मान टाकून पडलेला. सगळं सारखं पाहिजे म्हणाली होती ना? आता तुम्हीच सांगा, आईनं काय करायचं?

मी चौथा फुगा काढला आणि तोंडानं फुगवला. सोपं वाटतं होय? त्या आंबट वासानं डोळ्यांतून पाणी, आणि बाटलीला लावायला गेलं की फुस्स! शेवटी मान पिरगाळून धरली, तेव्हा कुठं बसला. मग तिसरा. मग दुसरा. खिडकीतून शेजारच्या शांताक्का त्यांच्या कानडी ढंगात ओरडल्या, "एन्री वैनी, वाढदिवस कुणाचा?"

"वाढदिवस न्हाई हो, विज्ञान हाय!"

अश्विनी आली, बाटल्या बघितल्या आणि मटकन खाली बसली. "आई, चारी सारखेच?"

"मग!" मी म्हटलं. शाबासकीची वाट बघत होते हो मी!

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं. पण ती म्हणाली, "कायतरी चुकलंय. उद्या परत करते." मी मनाशी म्हटलं, अंदाजानं फुगवले, तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी ब्लाउज शिवायची टेप काढली. चारी फुग्यांचा घेर मापून एक केला.

"आई, सुताचाबी फरक न्हाई गं! असं कसं?" पोरगी रडायलाच लागली.

मला काही कळेना. इतकं सारखं करून दिलं, तरी हिला रडू का येतंय? विचारलं तर म्हणे, "तुला न्हाई समजायचं." माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. म्हटलं, असेल बाई पुढचं काही.

घरात खल सुरू झाला. ह्यांचं म्हणणं, नळाच्या पाण्यात दोष. उचगावच्या विहिरीचं पाणी कॅन भरून आणलं. शांताक्का म्हणाल्या, व्हिनेगरच भेसळीचं. नवी बाटली आणली. पाणी बदललं, व्हिनेगर बदललं, फुगे मात्र सारखेच. कसे बदलतील? मी होते ना!

"पुस्तकातच चुकीचं छापलंय काय गं?" अश्विनीनं विचारलं.

"असंल. पुस्तकंबी माणसंच लिवतात," मी धीर दिला.

शेवटी तिचे विज्ञानाचे चौगुले सर स्वतः घरी आले. त्यांच्यासमोर बाटल्या मांडल्या. सर बसले, अश्विनी बसली, हे बसले. मी पोहे केले, चहा ठेवला, पण जीव सगळा त्या चौथ्या फुग्यात. पाहुण्यांसमोर तसाच लोळतोय! मला राहवेना.

"सर, तुमी चहा घ्या गरम गरम. तवर मी मागचे तीन फुगवून घेते."

सरांनी कप उचलला.

"काय फुगवून घेताय?" सरांनी विचारलं.

"फुगे की! रोज मीच फुगवते. तिला सारखे लागतात."

सरांना असा ठसका लागला, की चहा नाकातून आला. हे भिंतीकडं तोंड करून हसत होते.

"आई!" अश्विनी किंचाळली. "सुरुवातीला सारखं गं! शेवटी वेगळं यायला पायजे, तोच तर प्रयोग हाय!"

"मग तसं सांगायचंस की!"

प्रदर्शनाच्या दिवशी मी चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले. अश्विनीनं मला हाताला धरून व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. खिडकीतून आतलं ऐकू येत होतं. परीक्षक बाईंनी विचारलं, "प्रयोग करताना कोणती दक्षता घेतली?"

"व्हिनेगर एकाच बाटलीतलं घेतलं, खडे एकाच मापाचे घेतले," अश्विनी म्हणाली, "आणि आईला बाहेर बसवलं."

थोड्या वेळानं एक ओळखीची बाई लगबगीनं बाहेर आली. "आक्का, तुमच्या लेकीचा प्रयोग तालुक्याला चाललाय की! आन् तुमी हितं काय करताय?"

"काय करू बाई," मी म्हटलं, "मी दक्षता हाय तिची."