सीटखालचा आवाज

मी चाकणकडच्या एका कंपनीत इंजिनं जोडते. त्यामुळे घरची व्हॅन सर्व्हिसिंगनंतर सुरू होईना तेव्हा मला आधी वाटली ती लाज. भीती नंतर आली.

व्हॅन नवऱ्याची. निघोज्यातून कामगारांना शिफ्टला नेऊन सोडायचा. श्रावणात एका रात्री झोपेतच गेला. ना आजार, ना निरोप. लोकांना रडू येतं, मला त्याचा राग आला. अरे, चार शब्द तरी बोलून जायचं! तेराव्यानंतर मी किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

सासूबाईंचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता ऑपरेशन लांबवलं तर हाही हातचा जाईल. पण बाई हट्टी. दोनदा रिक्षा दारात आणली, दोनदा परत पाठवली. "माझ्या लेकाच्या गाडीतनं नेशील तर येते, न्हाईतर मला काय बघायचं राह्यलंय?" शेवटी पिंपरीच्या दवाखान्यात सोमवारी नऊची वेळ घेतली आणि रविवारी मी गाडी सर्व्हिसिंगला काढली.

या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. सीट उचलली, ऑइल बदललं, फिल्टर बदलले, प्लग साफ केले. चालू करून बघितली, गळती नाही, आवाज छान. बंद केली. मग सीटखाली वर्षानुवर्षं साचलेली धूळ दिसली, ती फडक्याने खरवडून काढली आणि सीट बसवून टाकली.

सोमवारी सातला बाहेर आले तर धुकं इतकं, की समोरचं घर दिसेना. सासूबाई ओट्यावर तयार, मांडीवर पिशवी. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही उचलेना. पुन्हा फिरवली. तेच.

कंपनीत आमच्या लाइनवर म्हणतात, शेवटचा हात जिथं, बिघाड तिथं. मी सीट उचलून माझाच हात शोधत बसले. प्लग काढले, ठिणगी ठणठणीत. बॅटरी घट्ट. एअर फिल्टर काढून बघितला, परत लावला. पेट्रोल कालच भरलेलं. साडेसात झाले, आठला दहा कमी झाले. सीट खाली टाकून परत किल्ली फिरवली. वाटलं, इंजिनाला आतून कुणीतरी धरून ठेवलंय. त्या थंडीत मला घाम फुटला.

तेवढ्यात ओट्यावरून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "उगं किल्ली नको फिरवू. त्यानं अजून बटन दाबलं न्हाई."

"कुणी?"

"कुणी म्हंजी? माझ्या पोरानं."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. म्हातारीचं डोकं फिरलं की काय, हा पहिला विचार. दुसरा विचार मी मनात येऊच दिला नाही.

त्या उठल्या. पत्र्याला हात लावत लावत माझ्या दारापाशी आल्या. मी बाजूला झाले. या सीटवर त्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या. वाकल्या, सीटच्या खालच्या पत्र्यामागे हात घातला, बोटांनी जरा चाचपलं. टक्. म्हणाल्या, "आता फिरव."

किल्ली फिरवली तसा मागून पेट्रोलच्या पंपाचा घूं आवाज आला. सकाळपासून तो आलाच नव्हता, आणि मला, इंजिनं जोडणाऱ्या बाईला, ते कळलं नव्हतं. गाडी लागलीच सुरू झाली.

चोरबटण होतं ते, बंद केलं की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. रस्त्यावर लावलेल्या गाड्या चोरीला जातात म्हणून इकडचे ड्रायव्हर पंपाच्या वायरीत असं लपवून बसवतात आणि घरातही सांगत नाहीत. काल धूळ काढताना माझ्याच हाताने ते बंद झालं होतं.

मोशी आली तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"दिसत न्हाई तर ऐकत व्हते. सकाळी दार, मग तो वाकला की सीटची कुरकुर, मग टक, मग किल्ली. राती गाडी लावली की परत टक. एक रात चुकला न्हाई. काल तू फडकं मारताना बी टक झालं."

मी गाडी हळू केली. "मग तेराव्यानंतर मी फिरवली तेव्हा कशी सुरू झाली?"

त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "तो गेला त्या राती टक आलंच न्हाई. मी जागीच व्हते. दार वाजलं, तो वाकला. लई वेळ तसाच वाकून व्हता. मग उठला आन् तसाच घरात आला."

"विसरला असेल."

"विसरणारा असता तर इतका वेळ वाकून काय करत व्हता?"

"आणि मग?"

"पानी प्याला. तुला दोनदा हाक मारली."

त्या रात्री मी गाढ झोपेत होते. सकाळची शिफ्ट होती.

दवाखान्यात आम्ही नऊच्या आत पोचलो. ऑपरेशन चांगलं झालं, सासूबाईंना आता ओट्यावरून रस्ता दिसतो. त्याने माझ्यासाठी चालू ठेवलेलं ते बटण मी परत कधी बंद केलं नाही. गाडी गेली चोरीला तर जाऊ दे.