अकराव्या मजल्यावरचं पाणी

आमच्या घाटकोपरच्या चाळीत वाक्य दोन तुकड्यांत बोलायची पद्धत होती. चाळ टेकडीच्या उतारावर, आणि डोक्यावरून सहारला उतरणारी विमानं. विमान आलं की बोलणारा असेल तिथे थांबायचा, ऐकणाराही थांबायचा, आणि आवाज ओसरला की वाक्य नेमकं त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. भांडणातसुद्धा. "तुझ्या नवऱ्याने कधी—" म्हणताना विमान यायचं, दोघी बायका कमरेवर हात ठेवून शांत उभ्या राहायच्या, आणि मग "—जिना झाडलाय का?" आलेले पाहुणे चक्रावून जायचे. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. विमानाकडे वर बघायचंही कुणाला सुचत नसे. पुढे जे झालं ते या सवयीमुळेच झालं.

माझे वडील गिरणीत होते आणि युनियनमध्ये त्याहून जास्त होते. घरात पत्रकं इतकी की आई डब्यांच्या तळाला तीच घालायची. शाळेत इतर मुली 'कमळ' आणि 'गवत' वाचत होत्या तेव्हा मी तूरडाळीच्या डब्यात डोकं घालून 'धिक्कार' वाचत होते. वडील गेले तेव्हा मागे दोन ट्रंका पत्रकं उरली आणि माझ्या हातात ती खोड उरली. विसाव्या वर्षापासून मीच पत्रकं लिहायला लागले. कुर्ल्याला आमचं एक अभ्यासमंडळ होतं, आठ जणांचं. त्यातले तीन क्रांतीच्या बाजूचे होते आणि उरलेले पाच त्या तिघांच्या विरोधात. पण मंडळाकडे सायक्लोस्टाईल मशीन होतं, म्हणून मी सगळ्यांशी जमवून घेत होते.

अशात टॉवर आला. म्हणजे आधी त्याचं मॉडेल आलं.

एका रविवारी सकाळी टेम्पोतून काचेची मोठी पेटी उतरली आणि गणपतीच्या टेबलावर चाळीच्या मधोमध ठेवली गेली. आत थर्माकोलचा पांढराशुभ्र एकवीस मजली टॉवर. खाली स्पंजची हिरवी झाडं, काडेपेटीएवढ्या गाड्या आणि नखाएवढी माणसं. त्या माणसांकडे मी वाकून नीट पाहिलं. एकाच्याही हातात पिशवी नव्हती, कुणी बादली उचलून चाललं नव्हतं, आणि एकवीस मजल्यांत मिळून एक टॉवेल वाळत घातलेला नव्हता. आपल्यासारखं कुणी इथे राहणार नाही हे मॉडेल बनवणाऱ्याला आधीच कळलं होतं, असं मी मनात टिपून ठेवलं.

बिल्डर सफारी सूटमध्ये होता. "फोर्ट साइडला जे उभं राहतं ते आता इकडे," तो म्हणाला. "लोक घाटकोपरला बघायला येतील." हिशोब सोपा होता. चाळीत बावन्न खोल्या. मजल्यावर चार घरं धरली तर खालचे तेरा मजले आमचे, फुकट. वरचे आठ तो विकणार.

चाळ कमिटीचे सेक्रेटरी, पोस्टातून रिटायर झालेले, टाळ्या वाजवायला उभेच राहिले होते. तेवढ्यात माझी आई पुढे झाली. चष्मा सावरून तिने पेटीला एक फेरी मारली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"ह्येच्यात संडास खंय आसा?"

बिल्डरला कळलं नाही. सेक्रेटरींनी शरमत भाषांतर केलं.

"अंदर, माताजी! प्रत्येक फ्लॅटमध्ये."

"म्हणजे घरात?"

"घरात."

"एका घराक एक?"

"एक."

"आनि आतून कडी लागता?"

सगळी चाळ हसली. आई हसली नाही.

तिला हसणं परवडणारं नव्हतं. आमचे संडास चाळीच्या मागे, उतारावर खाली. पायऱ्या फुटलेल्या, धरायला कठडा नाही, सहा दारं आणि त्यांतल्या दोहोंना कडी. बाकीच्या चार ठिकाणी एका हाताने टमरेल आणि दुसऱ्या हाताने दार सांभाळायचं. आईचे गुडघे गेलेले. अंधार पडल्यावर त्या पायऱ्या उतरायला लागू नये म्हणून ती संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायची नाही. भर मे महिन्यातही नाही. जेवताना ठसका लागला तर ती ताकाचा एक घोट घ्यायची आणि तोही मोजून. रांगेत मीही उभी राहायचे, नाही असं नाही. पण मी तत्त्वांवर उभी असायचे आणि आई गुडघ्यांवर.

पुढच्या आठवड्यात कमिटीने चिठ्ठ्या काढल्या. आईला अकरावा मजला आला. ती घरी आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "अकराव्या माळ्यार गेल्यावर जेवताना मी तांब्याभर पाणी पितलंय. पुरो तांब्यो."

त्या दिवसापासून चाळ टॉवरमध्ये राहायला गेली. पाया खणला नव्हता, मंजुरी कशाची आहे आणि कशाची नाही हे कुणी विचारलं नव्हतं, पण माणसं एकमेकांना मजल्याने ओळखायला लागली. "नववावाले आले का?" "अगं, ती पाचव्यावरची." सगळ्यात खालचा, पहिला मजला लागलेल्या माणसाने दोन दिवस अन्न सोडलं. बाराव्या मजल्यावरच्या काकूंनी तेराव्या मजल्यावरच्या वहिनींशी बोलणं टाकलं, कारण वहिनींना रोज लादी धुवायची सवय.

"तुजा पाणी माज्या डोक्यार गळतला," काकू म्हणाल्या.

"अहो, घर तर होऊ दे!"

"झाल्यार सांगून काय उपयोग? तवसर भिंत ओली!"

हे भांडण मिटवायला सेक्रेटरींनी खास बैठक बोलावली. त्या बैठकीत न बांधलेल्या घराच्या न गळणाऱ्या पाण्यावर दोन तास चर्चा झाली आणि इतिवृत्तही लिहिलं गेलं.

मी पत्रक काढलं: 'एकवीस मजल्यांचा सापळा'. त्यात भांडवल होतं, हवा, उजेड, लिफ्टचा खर्च, आणि 'आजवर जे आपल्या छातीवर बसले ते उद्या आपल्या डोक्यावर बसतील' असं एक वाक्य होतं. त्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. पत्रकात सगळं होतं. विमान नव्हतं. लिहिताना डोक्यावरून निदान दहा गेली असतील आणि दर वेळी मी पेन उचलून थांबले असेन.

पत्रक वाचून सेक्रेटरी माझ्या दारात आले.

"काय गं कॉम्रेड, एकवीस मजले, एकवीस मजले लिहितेस. म्हणजे किती उंच, ठाऊक तरी आहे का तुला?"

खरं सांगायचं तर नव्हतं. माझी तोवरची मजल चौथ्या मजल्यापर्यंत, तीही दाताच्या डॉक्टरकडे.

"तुम्हाला ठाऊक आहे, काका?"

"मला कशाला ठाऊक पाहिजे? मी कुठे विरोध करतोय?"

मग मीच सुचवलं. दहा फुटांचा एक मजला. दोनशे दहा फूट दोरा घ्यायचा, दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधायची आणि गॅसच्या फुग्यांना बांधून वर सोडायचा. लोकांनी ती भयानक उंची एकदा डोळ्यांनी पाहिली की त्यांची झोप उडेल, असा माझा डाव. सेक्रेटरी टाळी देत म्हणाले, "झकास!" उंची एकदा पाहिली की लोक माझी पत्रकं चुलीत घालतील, असा त्यांचा डाव. चाळीच्या इतिहासात दोन्ही पक्ष एकमताने करत असलेली ती पहिली गोष्ट. चिंध्या तेराव्या मजल्यावरच्या वहिनींनी जुन्या परकराच्या फाडून दिल्या. शेजारच्या खोलीतल्या बाईंचा भाऊ जुहूला चौपाटीवर फुगे विकायचा. तो रविवारी सिलिंडर घेऊन आला आणि त्याने चाळीस फुगे फुगवले.

साडेदहाच्या सुमाराला दोरा सोडायला सुरुवात झाली. दोरा माझ्या हातात, सेक्रेटरींच्या हातात कर्णा.

"पहिला! दुसरा! तिसरा!"

ज्याचा मजला येई ते घर ओरडायचं. पाचव्याला शिट्ट्या झाल्या. नवव्याने नारळ फोडला. अकरावी चिंधी हातातून सुटली तशी आई म्हणाली, "थांब गो. जरा थांब."

मी दोरा धरून ठेवला. आईने कपाळावर हात आडवा धरला आणि ती वर बघत राहिली. आमच्या घराच्या जागी वर, फुग्यांच्या लगेच खाली, सगळ्यात वरची चिंधी फडफडत होती, आणि तिच्या आजूबाजूला निळं आकाश. एवढा वेळ कशाकडे बघताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"सोड आता," ती म्हणाली.

एकविसावा आला. मी लोकांच्या तोंडाकडे पाहिलं. आता थरकाप, आता संताप. सगळी चाळ आ वासून वर बघत होती आणि मग सगळ्या चाळीने टाळ्या वाजवल्या. "काय सीन आहे यार!" कुणीतरी म्हणालं. माझा पराभव पूर्ण झाला होता. सेक्रेटरींनी कर्णा तोंडाला लावला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, हीच ती उंची, जी आपल्याला—"

आणि थांबले. विमान आलं होतं.

सवयीने आम्ही सगळे गप्प झालो. पण त्या दिवशी सगळ्यांच्या माना आधीच वर होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही ते पाहिलं. ते प्रचंड पोट, बाहेर काढलेली चाकं, आणि त्याच्या खाली, फार खाली नव्हे, आमचे चाळीस फुगे. विमान गेलं. फुगे गरगर फिरले. सेक्रेटरींनी वाक्य पुढे नेलं नाही. बाराव्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, "अगो बाये, ह्या तर आमच्या घरातसून गेला."

तासाभरात पोलिसांची जीप आली. बरोबर विमानतळावरचे एक साहेब, पांढरा शर्ट, हातात नकाशाची गुंडाळी.

"फुगे कोणी सोडले?"

पन्नासेक बोटं माझ्याकडे वळली. इतका एकमुखी पाठिंबा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

"वरून विमानं उतरतात, दिसत नाही तुम्हाला?"

सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "दिसतात का? हो, साहेब. येतात खरी." मग सावरून ते अभिमानाने म्हणाले, "पण हे फुगे नाहीत, साहेब. ही आमची बिल्डिंग आहे." आणि त्यांनी साहेबांना काचेच्या पेटीपाशी नेलं.

साहेबांनी मॉडेल पाहिलं. मग वर आकाशाकडे, मग पुन्हा मॉडेल. चिडले नाहीत. नकाशा उघडला, टेकडीवर बोट ठेवलं, मनाशी काही आकडेमोड केली. पेटीचं झाकण काढायला लावून त्यांनी टॉवरवर आडवा हात ठेवला.

"इथपर्यंत. याच्या वर एक वीट नाही. विमान उतरायच्या वाटेत आहात तुम्ही."

सगळे मजले मोजायला पुढे वाकले. हाताखाली सातवा होता.

आईने मोजलं नाही. तिला दुरूनच दिसलं.

फुगे खाली ओढून हवालदारांनी जप्त केले. जीपमध्ये ते मावेनात, म्हणून एकेक फोडावा लागला. मला समज देऊन सोडलं. त्यानंतरचा तासभर मात्र बघण्यासारखा होता. सहाव्या मजल्यावरचे चहा पीत म्हणत होते, "आमचं काय जातंय? आम्ही सेफ!" आठव्यावरच्यांनी नव्याने चिठ्ठ्या काढायची मागणी केली. पहिल्यावरचा माणूस पोटभर जेवला. माणसं अजूनही असंच समजत होती की टॉवर वरून कापला तरी खालचा शिल्लक राहतो. पण वरचे आठ विकल्याशिवाय खालचे फुकट कुठून येणार, हे बिल्डरला आमच्याआधी कळत होतं. आधी तो म्हणाला, "सात मंजूर करून घेऊ, वरचं मागाहून बघू." मग तो यायचाच बंद झाला. मॉडेल न्यायलाही नाही. थर्माकोलचा टॉवर जिन्याखाली पिवळा पडला, आणि काचेच्या पेटीत आता कोपऱ्यावरचा वडेवाला वडे ठेवतो.

कुर्ल्याच्या मंडळात माझा सत्कार झाला. आठांचंही एकमत. "शास्त्रीय कृतीतून भांडवलाला नमवलं," असं एक जण म्हणाला. मी त्यांना सांगू शकले असते की मी विमानाचा विचारच केला नव्हता. सांगितलं नाही. उलट त्याच दुपारी मशीनवर विजयाचं पत्रक काढलं, दोन्ही बाजूंनी छापलेलं: 'जनशक्तीपुढे बिल्डर झुकला'.

संध्याकाळी गठ्ठा घेऊन घरी आले तेव्हा आई भाकऱ्या करत होती. हात पुसून तिने एक पत्रक उचललं आणि चष्मा सावरला. वडिलांची पत्रकंही ती अशीच वाचायची, सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत. तिने पुढची बाजू वाचली. उलटून मागची वाचली. पुन्हा पुढची पाहिली, काही राहिलं का म्हणून.

"बरा लिवलंस," ती म्हणाली. "पण ह्येच्यात संडास खंय आसा?"

बिल्डरकडे निदान खोटं उत्तर तरी होतं.

जेवायला बसलो. मी मुद्दाम तिच्या पानाशी तांब्या भरून ठेवला आणि म्हणाले, "पी आज. मी येईन तुझ्याबरोबर खाली, हात धरून."

"रोज येतलंस?"

"रोज."

"आनि मोर्चाक गेलंस म्हणजे?"

तिने तांब्या माझ्याकडे सरकवला आणि ताकाचा घोट घेतला.

जेवण झाल्यावर मी एक कोरा कागद घेतला आणि पायऱ्यांना कठडा आणि चार दारांना कड्या एवढंच मागणारा अर्ज लिहायला बसले. पहिल्याच ओळीत सवयीने 'धिक्कार' आला. आई खांद्यावरून वाचत होती.

"तां काड," ती म्हणाली. "आधी कडी लिव."