मेंदूतला ब्रेक आणि माझा श्रावण

मी बेवडा नाही, याचा माझ्याकडे वर्षानुवर्षं एकच पुरावा होता: मी श्रावण पाळतो. आषाढ अमावास्येला, म्हणजे आमच्याकडच्या गटारीला, मनसोक्त प्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून गणपती जाईपर्यंत बाटलीकडे ढुंकूनही बघायचं नाही. ज्याला सोडता येते त्याला व्यसनी कसं म्हणणार? हा सवाल मी बायकोला इतक्या वेळा टाकला होता की तिने उत्तर द्यायचं सोडून दिलं. मी ते माझ्या बाजूचं मत धरत होतो. या पुराव्याच्या जोरावर वर्षाचे बाकीचे महिने मी रोज संध्याकाळी मागच्या वाडीत खुर्ची टाकून बसायचो. आधी दोन पेग होते, मग तीन झाले. चौथा कधी सुरू झाला ते आठवत नाही, आणि न आठवायला बहुधा तोच कारणीभूत असावा.

त्यात मी जीवशास्त्राचा मास्तर. अलिबागजवळच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीला मज्जासंस्था शिकवता शिकवता माझे केस पिकले. गेल्या श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी, नेमका तोच धडा आला.

पोरांना मी सांगितलं की मेंदूतल्या पेशींना चेतवणारी रसायनं असतात, तशी गप्प बसवणारीही असतात. त्यातलं मुख्य गाबा. ते पेशीवरच्या ठरलेल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटलं की क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. कार्लेखिंडीतून एसटी उतरवताना ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर असतो, तसा हा मेंदूचा ब्रेक. दारू त्याच ग्राहीवर जाऊन गाबाचा जोर वाढवते. म्हणजे ड्रायव्हरच्या पायावर आणखी कुणीतरी पाय ठेवून दाबतं. ब्रेक दाबल्यावर माणूस मोकाट कसा सुटतो, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, आपल्याला आवर घालणारा जो भाग असतो, तोच आधी झोपी जातो. म्हणून एरवी मान वर न करणारा माणूसही हळदीत डीजेपुढे नाचतो. वर्ग हसला. मला बरं वाटलं.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की रोज घेतली तर काय होतं. मी आणखीच रंगात आलो. मेंदू काही खुळा नाही, मी म्हटलं. कुणीतरी रोज आपल्या वतीने ब्रेक दाबतंय, हे बघून तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर चढवून ठेवतो. अशात बाहेरचा पाय एकदम उचलला तर गाडी बेफाम सुटते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, झटकेही येऊ शकतात. पाचही लक्षणं मी फळ्यावर लिहिली. ती कुणालाच वाचता आली नाहीत. अक्षरं गांडुळासारखी वळवळली होती. पावसाळ्यात खडू दमट होतात, असं म्हणून मी ती तोंडी सांगितली.

खडू दमट, घाम कोकणातल्या हवेचा, धडधड जिन्याची, आणि झोप बेडकांनी उडवलेली. एवढ्या सगळ्यांना दोष देऊन मी घरी आलो. शेजारच्या पडवीत आमचा शेजारी, मासेमारीच्या होडीवरचा तांडेल, जाळं विणत बसला होता. पावसात होडी वर ओढलेली असली की त्याचं सगळं लक्ष आमच्या घराकडे असतं. फाटकाची कडी मला लागेना, हे बघून तो म्हणाला, "सर, एकदम सोडली म्हनून हात हालतोय. माजाबी हालायचा. घोटभर घ्या, आता थांबल."

मी संतापलो. श्रावणात दारूचा सल्ला देतो आणि तोही मज्जासंस्थेच्या शिक्षकाला! हा उपासाचा अशक्तपणा आहे, असं त्याला सुनावून मी आत गेलो आणि उपास असूनही दोनदा साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

मंगळवारी सकाळी मला शर्टाचं एकही बटण लावता येईना. बायकोने ती लावली, काही न विचारता रिक्षा बोलावली आणि मला अलिबागला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होती. किती घेता, किती वर्षं घेता, असं तिने सरळ विचारलं. मी ताठ बसून म्हटलं, "डॉक्टर, मी श्रावण पाळतो."

तिने नाडी मोजली आणि समजावून सांगू लागली की मेंदूत एक ब्रेक असतो. मी मध्येच तिला गाबाचं नाव आणि क्लोराइड पुरवलं. तिने पेन खाली ठेवलं. "माहीत होतं, मग एकदम बंद कशी केलीत?" ती म्हणाली. "झटका आला असता तुम्हाला. सोडायचीच आहे, पण औषधाखाली. चार दिवस इथे राहा."

प्रश्न अभ्यासक्रमातलाच होता. मग याआधी कधी असं झालं होतं का, असं तिने विचारलं. कधीच नाही, मी छातीठोकपणे सांगितलं.

"होतं," बायको म्हणाली. "गेली चार वर्षं होतं. श्रावण लागला की पहिला आठवडा मी यांना कप अर्धाच भरून देते. गरम चहा अंगावर सांडू नये म्हणून."

डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं. मला त्या कपांची आठवण होती, चांगली होती. दर श्रावणात मी त्यावरून तिला कंजूष म्हणत आलो होतो. एकदा मुरुडहून तिचा भाऊ आला होता, तेव्हा त्याच्यासमोर मी विचारलं होतं की नवऱ्याला पोटभर चहा द्यायलाही हिच्या जिवावर येतं का. ती उठून आत गेली होती आणि आणखी एक अर्धा कप घेऊन आली होती.