आवाज दिसतो, पण सरांना नाही

आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार. काचेच्या टाकीवर रोज फडका फिरवा, तरी चार दिवसांत कडेला पांढरी रेघ उठतेच. किस्से तसेच साचतात. मी जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये झाडलोट करते, पाणी भरते. नातवंडं मोठी झाली तरी काम सोडलं नाही. शाळेची पायरी मी चढले नाही, पण या लॅबमधलं मला कळतं. इथे वाचायचं थोडं आणि बघायचं जास्त.

टाकीत पाणी, पाण्यात एक गोल चकती. चकतीतून निघणारा आवाज माणसाला काय, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. मग पाण्यातून उजेड सोडायचा, समोर आरसा आणि कॅमेरा. आवाज चालू असला की स्क्रीनवर नांगरलेल्या वावरासारख्या बारीक सऱ्या उमटतात. जिथे जोर, तिथे सरी ठळक. पाण्याला हात न लावता आवाज मोजून मोकळं. हे काम पाचोऱ्याची चेतना करते, पीएचडीसाठी. मोठे सर तिचे गाइड. माझा राग त्यांच्यावर आहे, हे आधीच सांगून टाकते.

* * *

सरांनी टाकी नळाच्या पाइपने भरायला लावली. फोटोत सऱ्या कमी आणि बुडबुडेच जास्त. चेतना रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "पोरी, पाणी उकळ, झाकून गार होऊ दे आणि काचेच्या कडेकडेने सोड. वरून धबाधबा ओतू नको."

तसं केलं आणि फोटो आरशासारखा लख्ख. महिनाभराने सर पाहुण्यांना सांगत होते, "ही पद्धत आम्ही इथे विकसित केली."

मी तिथेच फरशी पुसत होते. म्हटलं, "सर, पातेलं मी घरून आणलं होतं. आता परत नेऊ का?"

* * *

खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा असते. सरांनी स्वतः सगळ्यांना हळदकुंकू लावलं. कॉम्प्युटरला लावलं, टाकीला लावलं आणि पार आरशालाही लावलं. या आरशाची चांदी पुढच्या अंगाला असते, बोटही लावायचं नसतं. सरांना चूक कळली, तर त्यांनी खिशातला रुमाल काढून खसाखसा पुसलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोत एक आडवा ओरखडा आहे.

दुसऱ्या दिवशी सर चेतनाला म्हणतात, "आरशाला हात कोणी लावला? जबाबदारी नावाची गोष्ट नाही तुम्हा लोकांना."

चेतनाला पीएचडीसाठी सरांची सही घ्यायची असते. मला नसते. मी म्हटलं, "ज्याने लावला त्याच्या बोटाला अजून कुंकू आहे."

* * *

मे महिन्यात लॅबमध्ये पंखा नाही, कूलर नाही. हवा हलली की चित्र थरथरतं. चेतना घामाने निथळत काम करते, सर केबिनमध्ये कूलरपुढे.

एकदा बाहेरून तपासणीला मोठी माणसं आली. सर वाफाळत्या चहाचा कप घेऊनच आरशापुढे उभे राहिले. स्क्रीनवर धुरासारखे लोळ उठले. सर खूश. "बघा, किती जोरदार फील्ड आहे."

चेतना हळूच म्हणाली, "सर, मशीन अजून चालू केलेलं नाही. तो तुमचा चहा आहे."

* * *

आता जीव जळतो ती गोष्ट. माझे गुडघे दुखतात. गावातल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मी शेक घ्यायला जाते. तिथे दोन मशीनं, एक खिडकीजवळ, एक कोपऱ्यात; आम्हाला कोपऱ्यातलं. गुडघ्याला गार जेली लावून चकती फिरवतात, तोच न ऐकू येणारा आवाज. मी म्हणायची, "काही जाणवत नाही हो." डॉक्टर म्हणायचे, "ते आतून काम करतं, अक्का." माझ्यासारख्या दहा बाया रांगेत.

चेतनाने तपासायला तेच मशीन मागून आणलं. चकती पाण्यात सोडली, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. स्क्रीन कोरी.

"अक्का, हाई देख," ती म्हणाली. "काहीच नई शे."

तिने लॅबमधली चकती लावली, तर सऱ्या उमटल्या. पुन्हा क्लिनिकची लावली, पुन्हा कोरी. तीनदा केलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, चकती मेलेली आहे, वापरू नये. सर सही करेनात. "ते आपल्या ओळखीचे आहेत. 'अधिक अभ्यासाची गरज' असं लिही."

ओळख त्यांची आणि गुडघे आमचे.

* * *

शेवटी डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले, मशीन परत न्यायला. त्या दिवशी गेलं असतं, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा कोपऱ्यात आणि बाया पुन्हा रांगेत.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या कॅमेऱ्यात दोष असेल. माझं मशीन चांगलं आहे. पेशंटना फरक पडतो."

सर लगेच म्हणाले, "शक्य आहे, शक्य आहे."

चेतना रिपोर्ट हातात धरून उभी. मी टाकीची काच पुसत होते. फडका खाली ठेवला.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या आईचेही गुडघे दुखतात ना? आमच्याच वेळेला येतात त्या."

"हो. मग?"

"कोपऱ्यातलं मशीन रिकामं असलं तरी तुम्ही त्यांना खिडकीजवळच्या मशीनसाठी थांबवून ठेवता. ते का?"

डॉक्टर खाली वाकले आणि मशीनची वायर गुंडाळू लागले. बराच वेळ गुंडाळत होते. वायर काही एवढी लांब नव्हती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"चेतना," ते म्हणाले, "पेन दे."